मे महिन्याचं पान

ते कॅलेंडर मी केलं. फोटो मी काढला, आणि फोटोखालची ओळही माझीच. हे तीन तुकडे कागदावर उतरायला मला सहा वर्षं लागली, आणि माझा धंदाच वाक्यं लिहिण्याचा आहे.

धंदा असा, की चांगलं काम करणाऱ्या संस्थांना आपलं काम नीट सांगता येत नाही, ते मी सांगून देतो. अहवाल, पत्रकं, दोन मिनिटांचे व्हिडिओ, देणगीदारांना पत्रं. कार्डावर ‘संवाद सल्लागार’ असं छापलंय. आमच्यात म्हणतात, आकड्यानं कुणाच्या डोळ्यात पाणी येत नाही, चेहऱ्यानं येतं. म्हणून आधी चेहरा शोधायचा. मग त्याच्या पायाशी एक ओळ ठेवायची. ओळ लागली पाहिजे. खरी असली तर उत्तमच.

तेव्हा मी जव्हारला खोली घेऊन राहत होतो आणि मोखाड्याच्या एका संस्थेचं काम करत होतो. संस्था पाण्याच्या टाक्या बांधून द्यायची. काम खोटं नव्हतं. ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल सगळेच चोर होते. चोर मी एकटा होतो.

उन्हाळ्यात सूर्यमाळच्या बाजूच्या एका पाड्यावर फोटो काढायला गेलो. निरोप आधी पोचला होता. एक बाई, माझ्याच वयाची, हिरवी कोरी साडी नेसून, केसांना तेल लावून दारात उभी होती. मी म्हणालो, “ताई, रोजची साडी नेसा ना.”

“रोजची म्हंजे फाटकी?”

मी हसलो. ती हसली नाही. आत गेली आणि विटकी साडी नेसून आली. बचत गटात सही शिकली होती, त्या सहीनं संमतीच्या कागदावर नाव लिहिलं. मग विहिरीवर तिला मी तीनदा वाकायला लावलं. विहिरीच्या तळाशी वाटीभर गढूळ पाणी होतं. ते काही मी केलं नव्हतं.

तिचा नवरा कठड्यावर बिडी ओढत बसला होता. मी विचारलं, पाण्याचा त्रास फार होत असेल ना? तो म्हणाला, “तरास? आमच्या पाड्याला पोर कोण देतो? हंडा बघूनच पळंल ती.” सगळे खो खो हसले. सर्वांत जास्त ज्या दोघी हसल्या, त्या डोक्यावर हंडे घेऊन उभ्या होत्या आणि त्याच पाड्याच्या सुना होत्या. एक तर मागच्याच वर्षी आलेली. त्या दोघी फोटोत येत होत्या म्हणून मी त्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

आणि वहीत लिहून घेतलं: या पाड्याला कुणी मुलगी देत नाही.

संस्थेच्या प्रमुख बाईंना ओळ फार आवडली. “हे असं पाहिजे,” त्या म्हणाल्या. “हे खरंय ना पण?” मी म्हणालो, “गावकऱ्यांच्याच तोंडचं आहे.” हे वाक्य मी नंतर पुष्कळदा वापरलं. ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त वाईट होतं.

कॅलेंडर देणगीदारांसाठी होतं. बारा महिने, बारा फोटो. टंचाईचा फोटो साहजिकच मे महिन्यावर गेला. छापखान्यातून गठ्ठे आले तेव्हा लक्षात आलं, जास्त छापलीत. इथं आणखी एक शहाणपणा मी केला, तोही कुणी मागितलेला नव्हता. म्हणालो, ज्यांचे फोटो काढले त्यांच्यापर्यंतही कॅलेंडर पोचायला हवं, तोही सन्मानच आहे. खोडाळ्याच्या बाजारात आम्ही उरलेली सगळी वाटली. फुकटचं कॅलेंडर कोण सोडतो? लोकांनी भाजीच्या पिशवीतून, कुणी छत्रीत गुंडाळून नेली. डोंगरातल्या घराघरांत माझं कॅलेंडर खिळ्याला लागलं. मला केवढा आनंद झाला होता, हे आठवलं की आजही अंगाची आग होते.

जानेवारी ते एप्रिल कुणालाच काही झालं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात, बाजाराच्या दिवशी, ती बाई मोखाड्याच्या ऑफिसात आली. उभीच राहिली. पिशवीतून कॅलेंडरचं फाडलेलं पान काढून तिनं टेबलावर, माझ्या चहाच्या कपावरच ठेवलं.

“हे तू लिवलंस?”

आधी मला ‘भाऊ’ म्हणायची. तिकडच्या बोलीत अहो-जाहो कमीच, पण त्या ‘तू’त पूर्वीचा भाऊ नव्हता.

मी खुर्ची पुढे केली. बसली नाही. तिनं जे सांगितलं ते असं. तिच्या मुलाचं लग्न खोडाळ्याजवळच्या एका गावात जमलं होतं. दिवाळीनंतर मुलीकडच्या बायका येऊन गेल्या होत्या. तिकडे मुलीकडच्या बायका घरात शिरायच्या आधी विहीर बघतात, ती बघून झाली होती. सुपारी झाली होती. तारीख धरायला दोन्हीकडची माणसं मुलीच्या घरी बसली, आणि तारीख बघायला मुलीच्या बापानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. एप्रिलचं पान उलटलं. खाली मे, वर होणारी सासू विटक्या साडीत विहिरीवर वाकलेली, आणि मध्ये माझी ओळ.

मुलीच्या आत्याला वाचता येत होतं. तिनं मोठ्यानं वाचली.

“पण ताई,” मी म्हणालो, “पाण्याची टंचाई तर सगळीकडंच आहे. त्यांच्याकडं नाही का?”

“तेच तर!” ती ओरडली. बाहेरची माणसं दारात येऊन उभी राहिली. “त्यांच्याकडं काय पाणी वाहतं? समद्यांच्या हिरी आटत्यात. पाण्यापायी कोण पोर द्यायचं थांबतं रं? मग आमच्याच पाड्याला देत नायत ते का? दुसरं कायतरी आसल म्हणूनच ना? ती आत्या म्हणली, ही बाय भुताळी आसल. फोटोच काढून लावलाय म्हणली, वळखू यावं म्हणून.”

भुताळी. म्हणजे चेटकीण. हा शब्द तिकडे थट्टेत वापरत नाहीत. ज्या बाईला तो चिकटतो, तिच्या हातचं पाणी लोक बंद करतात.

माझ्या ओळीचा हा अर्थ मला कधी दिसलाच नव्हता. शहरातल्या माणसानं ती वाचून हळहळावं, एवढाच विचार मी केला होता. तिथल्या माणसाला टंचाई ही बातमी नव्हे. त्याला बातमी एवढीच दिसली, की या घरात काहीतरी खोट आहे आणि ती छापून आलीय.

“आता एकच कर,” ती म्हणाली. “जीप आहे भायेर. माझ्याबरबर चल. सोयऱ्यांच्या दारात हुभा राहा, अन सांग, हे मी मनानं लिवलं. दोन सुना आहेत पाड्यात हे सांग. तू सांगशील तर ऐकतील, तू छापलंस.”

जायला तासभर लागला असता. मी प्रमुख बाईंकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी देणगीदारांची माणसं भेटीला येणार होती, आणि त्यांना जो फोटो सर्वांत आवडला होता तो टेबलावर चहात भिजत पडला होता. बाई इंग्रजीत हळूच म्हणाल्या, संमतीचा कागद आहे ना आपल्याकडे? मी मान हलवली. आणि मग मी संगणकापुढे बसलो.

मी तिला एक पत्र टाइप करून दिलं. संस्थेच्या कागदावर. “सदर ओळ प्रातिनिधिक स्वरूपाची असून ती कोणत्याही विशिष्ट कुटुंबास उद्देशून नाही.” खाली सही, शिक्का.

तिनं कागद उलटा-सुलटा करून बघितला. “एका कागदानं घोळ केला,” ती म्हणाली, “तर तू दुसरा देतोस?” तो तिनं तिथंच ठेवला. जाताना दारातल्या माणसांना म्हणाली, “सरका. भुताळी जातीय.”

कुणीतरी हसलं. मीच हसलो असेन, घाबरून. नक्की आठवत नाही, म्हणजे मीच असणार.

देणगीदारांची माणसं आली, खूश होऊन गेली. मग त्यांच्यासाठी अहवाल लिहायचा निघाला. मुलीच्या गावी मी गेलो तेव्हा जून लागला होता. बाप ओट्यावर होता. म्हणाला, “कोण तुम्ही?” भिंतीवर माझंच कॅलेंडर होतं. जूनच्या पानावर भात लावणाऱ्या बायका हसत होत्या. त्यानं आपणहून सांगितलं, पोरीची सुपारी दुसरीकडं दिली, देवानंच वाचवलं. मी पाणी मागितलं, प्यायलो आणि म्हणालो, “असंच, रस्ता चुकलो.” तिथंही बोललो नाही. आजवर लोकांना मी सांगत आलो, की गेलो होतो, पण उशीर झाला होता. गेलो होतो एवढंच खरं.

यंदा फेब्रुवारीत दुसऱ्या एका संस्थेच्या कामासाठी पुन्हा तिकडे जाणं झालं. पाड्यावर जायचं काही कारण नव्हतं. सकाळी जीपनं फाट्यावर उतरलो आणि चढलो. वर पोचेपर्यंत मनात भाषण तयार होतं. सवय.

नवरा ओट्यावर बसला होता. केस पांढरे, बाकी तसाच. “आला का फोटोवाला,” तो म्हणाला. “यंदा कुणाचं वाटोळं?”

ती आतून आली. अंगण ताजं सारवलेलं. अंगावर हिरवी साडी. फोटोच्या दिवशी मी बदलायला लावलेली तीच. ओळखली मी.

“कशाला आलास?”

मी म्हणालो, चुकलो. म्हणालो, तेव्हा यायला हवं होतं, आता येतो. जिथं म्हणाल तिथं, चार माणसांत उभा राहतो आणि सांगतो की मी खोटं लिहिलं.

“आता?” ती एकदम पुढे आली. मला वाटलं मारते. “आता खरं कुणाला सांगशील? सा वर्सं पोऱ्या भिवंडीच्या गोदामात पडलाय, घरी येत नाय, लोक इचारतात म्हणून. आज लांबची माणसं घर बघाया येतायत, त्यांनी तुझं क्यालेंडर बघितलं नाय. तू सांगायला गेलास की त्यांना कळलं. कळलं का तुला?”

नवरा म्हणाला, “त्याला रडून मोकळं व्हायचंय गं. रडू दे ना खाली जाऊन.”

“माफी तुझ्या खिशात ठेव,” ती म्हणाली. “अन सडकेनं नको जाऊ. जीप येतीय. वड्यानं जा.”

मी पाणी मागितलं नाही, तिनं दिलंही नाही. ओढ्याच्या वाटेनं उतरायला लागलो. अर्ध्यात आलो तोच वर जीपचा आवाज आला आणि मी करवंदीच्या जाळीमागे बसलो. पन्नाशीला आलेला माणूस, पाठीवर लॅपटॉपची पिशवी, काट्यांत उकिडवा.

चार बायका उतरल्या. घराकडे न वळता आधी विहिरीकडे गेल्या. एकीनं पोहरा सोडला. फेब्रुवारी होता, विहिरीत अजून पाणी होतं. हिरवी साडी त्यांच्या मागे थोडं अंतर ठेवून उभी होती, हात पदरात धरून, अगदी सरळ. जाळीकडे तिनं एकदाही बघितलं नाही.

त्या घरात शिरेपर्यंत मी हललो नाही. पुढे काय ठरलं ते मला माहीत नाही. विचारायचं कुणाला, आणि विचारलं तरी कोणत्या तोंडानं? पुन्हा माझ्याच ओळींनी काही मोडू नये, म्हणून इथं ना पाड्याचं नाव लिहिलं, ना तिचं, ना माझं.