शिकारी कुत्री आणि माझं तोंड

कुत्री आमच्या घरात आली ती मला न विचारता. ह्यांच्या घशाचं ऑपरेशन होऊन स्वरयंत्र काढून टाकलं, त्यानंतर काही महिन्यांनी इथल्या, भोपाळच्या कारखान्यातल्या जुन्या सोबत्याने एक पिल्लू आणलं आणि सरळ ह्यांच्या मांडीवर ठेवलं. बदामी रंगाचं, लांब कानांचं, पोट टम्म फुगलेलं. मी म्हटलं, "अहो, आता ह्याचंही मीच करायचं का?" पुढचं बोलणं तोंडातच राहिलं, कारण हे हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. मग काय बोलणार, कपाळ! ठेवून घेतली. थोड्याच दिवसांत तिचा रुबाब असा काही वाढला की मी तिला बाईसाहेब म्हणायला लागले.

ह्यांचा श्वास आता गळ्याच्या भोकातून चालतो. त्यावर सुती रुमाल बांधलेला असतो. बोलणं म्हणजे ओठ हलवणं आणि हातवारे. ते मला कळायचं आणि मी मोठ्याने सांगायचे. भाजीवाल्याला मी, डॉक्टरांना मी, फोनवर पुण्याच्या मुलालाही मीच. मला बोलायला कुणी सांगावं लागत नाही. माहेरी नागपूरला मला रेडिओ म्हणायचे.

एकदा फाटक उघडं राहिलं आणि बाईसाहेब सुटल्या त्या थेट रायसेन रोडवर. हे चपला न घालता मागे धावले. हाक कशी मारणार? टाळ्या वाजवल्या, तर ती आणखीच लांब पळाली, कारण कॉलनीतली पोरं टाळ्या वाजवूनच कुत्री हाकलतात. मी कणकेच्या हातांनी बाहेर आले आणि अशी काही ओरडले की ट्रकवाल्यानेसुद्धा ब्रेक मारला. कुत्री माझ्याकडे आली. हे रस्त्याच्या कडेला वाकून उभे होते, रुमाल ओला, छातीचा भाता झालेला.

मुलाला कळलं तसा तो फोनवर म्हणाला, "आई, बाबांना तिला बोलावता येत नाही. पुढच्या वेळी तिच्यामागे बाबाच गाडीखाली येतील. सीहोरच्या बाजूला माझ्या मित्राचं शेत आहे. दिवाळीला येतो तेव्हा तिला तिकडे सोडतो." फोन स्पीकरवर होता. हे उठून व्हरांड्यात गेले, तिचं डोकं पायावर घेऊन बसले आणि रात्री जेवले नाहीत. पोरगं चुकीचं बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत. पण कुत्री गेली तर ते हसूही जाणार, हे मला ताटातल्या भाताइतकं स्पष्ट दिसत होतं.

शेजारी एक निवृत्त बँक अधिकारी राहतात. भोपाळात ज्याला त्याला खाँ म्हणायची पद्धत, म्हणून मी त्यांना खाँसाहेब म्हणते. त्यांच्या आजोबांकडे जुन्या काळी शिकारी कुत्री असायची. "शिकार बंद हुई, अच्छा हुआ," असं ते स्वतःच म्हणतात, पण कुत्र्यांचा विषय निघाला की चहा गार होतो. एका संध्याकाळी कुंपणावर पारवे बसले होते. बाईसाहेब एकदम थिजल्या. शेपूट सरळ, नाक पुढे, पुढचा एक पाय उचललेला. खाँसाहेबांनी कप खाली ठेवला. "भाभी, ये तो शिकारी की औलाद है!"

झालं! आमच्या ह्यांचा सगळा जन्म कारखान्यात यंत्रं तपासण्यात गेला. तपासायला काहीतरी मिळालं म्हटल्यावर दोघे म्हातारे शाळकरी पोरांसारखे सुटले. बंदुकीच्या आवाजाला बिचकते का बघायला माझी चांगली परात फरशीवर आपटली. परातीला पोचा आला, कुत्रीने नुसती मान वळवली. उचललेला पक्षी दाताने फाडेल का बघायला तिच्या तोंडात कच्चं अंडं दिलं. तिने ते अख्खं घर फिरवून ह्यांच्या हातात आणून ठेवलं, तडासुद्धा नाही. मोज्यात कापूस भरून, वरून पारव्याची पडलेली पिसं शिवून मीच तिला खोटा पक्षी करून दिला. शिव्या घालत दिला, पण दिला.

मग त्यांनी तिला हथाईखेडा तलावाकडच्या माळावर नेलं. ह्यांना धुळीचा त्रास होतो, म्हणून मीही गेले. कुत्री झुडपांतून नाक लावत सुसाट लांब गेली आणि मी नेहमीसारखी ओरडले, "अगं ए भवाने, ये इकडे!" ती आली. माझ्याकडे. खाँसाहेबांनी नाराजीने मान हलवली.

"नाक अव्वल आहे," ते हिंदीत म्हणाले, "धाडस आहे, तोंड मऊ आहे. पण शिकारी कुत्रं ह्यावरून ठरत नाही. काम करता करता ते आपणहून वळून मालकाकडे बघतं का, ह्यावरून ठरतं. जे बघत नाही, ते स्वतःसाठी पळतं. शिकारीत हाका मारत नाहीत भाभी, तितर उडून जातात. आजोबांची कुत्री नुसत्या हाताच्या खुणेवर चालायची." जरा थांबून ते म्हणाले, "हिने भाईसाहेबांकडे का बघावं? तुमचा आवाज येतोच की."

मला असा राग आला! म्हटलं, "वा! मी बोलते म्हणून हे घर चाललंय." ते म्हणाले, "घर चलाइए. पर कुत्ते के सामने आप चुप रहिए."

हे माझ्याकडे बघत होते. काही मागताना त्यांची नजर अशी होते, लग्नाच्या आधीपासून मला ती माहीत आहे. दुसऱ्या दिवशी मी आवळासुपारीची बरणी पर्समध्ये टाकली. सुपारी तोंडात असली की मला बोलता येत नाही, निदान स्पष्ट तरी नाही.

शिकवणी सुरू झाली. कपडे वाळत घालायची लांब दोरी तिच्या पट्ट्याला. माळावर कुणी काही बोलायचं नाही. ती आपणहून वळली की हे हात सरळ वर करणार. हात वर म्हणजे मी इथे आहे, ये. आली की तूप लावलेला पोळीचा तुकडा. वळली नाही तर हे गुपचूप उलटीकडे निघणार किंवा झुडपामागे लपणार. अडुसष्ट वर्षांचा माणूस बाभळीमागे उकिडवा बसलाय आणि कुत्री बावरून त्याला शोधतेय, हे बघून मला हसू आवरायचं नाही. सापडले की ती त्यांच्या अंगावर चढून रुमाल चाटायची. तेव्हा मात्र मला हसू नाही, रडू यायचं.

घरीसुद्धा तेच. "बस", "थांब", "जेवायला चल" हे आता ह्यांच्या हाताने. माझी काय अवस्था झाली सांगू! पोट फुगायचं न बोलल्याने. पण हळूहळू ती ह्यांच्या तोंडाकडे, हाताकडे बघत बसायला लागली. आणि गंमत म्हणजे, माझ्या तोंडात सुपारी असताना फाटकाशी भाजीवाला आला, त्यानेही ह्यांच्याकडेच बघितलं. ह्यांनी बोटाने मेथी दाखवली, नाक मुरडून वांगी नाकारली. वांगी मला हवी होती! पण मी गप्प राहिले.

दिवाळीला मुलगा आला तो मित्राशी बोलणं पक्कं करूनच. शिकवणीचं ऐकून "दोरी सोडून दाखवा," तो म्हणाला, "मग बघू."

पाडव्याच्या सकाळी मी गालात सुपारी धरली आणि आम्ही माळावर गेलो. ह्यांनी दोरी सोडली. बाईसाहेब नाक लावून निघाल्या आणि अर्ध्या वाटेवर झुडपातून दोन तितर फडफडत उडाले. त्यांच्यामागे ती सुटली ती माळाच्या खालच्या अंगाला. तिकडेच रस्ता आहे. डंपर जाताना दिसत होते.

मुलाने हाक मारायला तोंड उघडलं आणि मी त्याच्या तोंडावर हात दाबला. एवढा मोठा बाप्या झालेला पोरगा, त्याची दाढी माझ्या तळव्याला टोचत होती. माझ्या स्वतःच्या घशात तिला मारायची हाक नुसती धडका देत होती. ओरडले असते तर ती नक्की आली असती. आणि संध्याकाळी गाडीत बसून सीहोरला गेली असती.

हे पुढे झाले आणि हात वर करून उभे राहिले. ती बघत नव्हती. तरी हात वर. कुत्री लहान लहान होत चालली. मी मनातल्या मनात तिला इतक्या शिव्या दिल्या, इतके नवस बोलले, की देवसुद्धा गोंधळला असेल.

रस्त्याच्या अलीकडे ती थांबली. पुढचा एक पाय उचललेला. तितर पलीकडे गेले होते. तिने मान वळवली आणि ह्यांना शोधलं.

मग ती आली. जितक्या वेगाने गेली होती त्याच्याहून वेगाने आली आणि ह्यांच्या पायाशी धपकन बसली. ह्यांनी खाली बसून तिचे कान दोन्ही हातांत धरले.

मी मुलाच्या तोंडावरचा हात काढला. तो नाक ओढत म्हणाला, "राहू दे तिला. मी मित्राला कळवतो."

हे उठले. कुत्रीला घेऊन चार पावलं पुढे गेले आणि थांबून त्यांनी मागे वळून बघितलं. मुलाकडे नाही, माझ्याकडे.

मला केवढं बोलायचं होतं! सुपारी मी तशीच गालात धरली आणि हात सरळ वर केला.