तांडापेठेत आलेली रंगूनची सून

ईश्वरदास धकाते एकोणीस वर्षांनी नागपूरला परत आला तो एक ट्रंक, एक वळकटी आणि एक बायको घेऊन. तांडापेठेतल्या गल्लीत सायकलरिक्षा थांबली तेव्हा त्याची आई, रुख्माबाई, मागावर बसली होती. नवरा गेल्यापासून लुगडी तीच विणायची. तिने हातातला धोटा खाली ठेवला, मुलाला डोळे भरून पाहिलं, मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईकडे पाहिलं. गोरी, ठेंगणी, लुंगीसारखं काहीतरी नेसलेली, केसांचा घट्ट अंबाडा. रुख्माबाई आत गेली आणि पाण्याचा एकच तांब्या घेऊन बाहेर आली.

त्या बाईचं नाव टिन न्वे. ब्रह्मदेशात लष्कराचं राज्य आलं, दुकानं-गिरण्या सरकारने ताब्यात घेतल्या, हिंदुस्थानी माणसं जहाजं भरभरून परत निघाली. ईश्वरदास रंगूनच्या कापड गिरणीत फिटर होता. त्याचं काम गेलं. टिनला मागे राहता आलं असतं, पण आईवडील उरले नव्हते आणि नवरा हाच काय तो तिचा माणूस. ती निघाली. मद्रासच्या बंदरावर अधिकाऱ्याने तिच्या पासपोर्टवर सहा महिन्यांचा शिक्का मारला आणि बजावलं, "नागपूरला पोचलात की लगेच पोलिसांत नोंद करायची."

ती नोंद करायला दोघं सिव्हिल लाइन्समधल्या पोलीस कचेरीत गेली. परदेशी लोकांचं काम तिथे ताराचंद नावाचा कारकून बघायचा. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलेली, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. टिनला रंगूनच्या बाजारातली हिंदी येत होती, त्यामुळे तिला बरं वाटलं. नोंद झाली, फोटो चिकटले. मग ताराचंदने विचारलं, "सहा महिन्यांनंतर काय? मुदत वाढवायची तर हिंदुस्थानी माणसाची बायको असल्याचा पुरावा लागेल. लग्नाचा कागद आहे?"

कागद होता. रंगूनच्या पाच वडीलधाऱ्यांसमोर दोघांनी सही केलेला, बर्मी अक्षरांतला. ईश्वरदासने तो काळजीने उलगडून टेबलावर ठेवला. ताराचंदने तो उभा धरला, आडवा धरला.

"ही तर सगळी जिलेबी आहे भाऊ. वाचणार कोण?"

"मैं पढ़ती हूँ," टिन म्हणाली.

"तुमचं तुम्ही वाचलेलं सरकारला चालत नाही, बहेनजी. ब्रह्मदेशाच्या कलकत्त्यातल्या वकिलातीकडून शिक्क्याचं भाषांतर आणावं लागेल."

कलकत्त्याला कागदाची नक्कल गेली, स्मरणपत्रं गेली, उत्तर आलं नाही. ईश्वरदासला गिरणीत काम मिळालं होतं. तो सकाळी निघून जायचा आणि घरात दोन बायका उरायच्या. टिन मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. सूत तिच्या रंगूनपासून ओळखीचं होतं, माणसं नव्हती. रुख्माबाई तिला जेवायला वाढायची, पण तिच्याशी बोलायची नाही. काही सांगायचं झालं तर भिंतीकडे पाहून म्हणायची, "पाणी भरलं नाई वाटते कोणी." त्याचं कारण साऱ्या गल्लीला माहीत होतं. एकोणीस वर्षांपूर्वी ईश्वरदासचं लग्न रुख्माबाईच्या भावाच्या मुलीशी, उमरेडच्या शामलाशी, ठरल्यासारखं होतं. ईश्वरदास रंगूनला निघून गेला, शामला आठ वर्षं थांबली, शेवटी तिचं दुसरीकडे लग्न झालं आणि भाऊ-बहिणीत कायमची अढी पडली.

मुदतीचे थोडेच दिवस उरले तसं टिनचं खाणं सुटलं. दाराशी सायकलची घंटा वाजली तरी ती दचकायची. एके दिवशी ती एकटीच चालत सिव्हिल लाइन्सला गेली आणि ताराचंदच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "बाबूजी, मुझे भेज देंगे तो मैं कहाँ उतरूँगी?"

ताराचंदने फाईल मिटली. "बसा," तो म्हणाला. "रंगूनचं लग्न वाचता येत नाही ना? मग ते इथे नोंदवा. आधी झालेलं लग्न विवाह नोंदणीच्या कचेरीत नोंदवता येतं. नवरा-बायको म्हणून एकत्र राहता, हे महत्त्वाचं. अर्ज द्या. एक महिना नोटीस लागेल, कोणाची हरकत आली नाही की तीन साक्षीदार घेऊन जा. तोवर मी तुमचं प्रकरण वर पाठवून ठेवतो. चौकशीला हवालदार घरी येईल, घाबरू नका."

नोटीस लागली. ती बातमी उमरेडला पोचायला वेळ लागला नाही. रुख्माबाईचा भाऊ चंपतराव एसटीने आला, ओसरीवर बसला आणि पान लावत म्हणाला, "अक्का, हे लगन झालंच नाई असा अर्ज देतो मी. तू फक्त हो म्हण."

रुख्माबाईचा धोटा इकडून तिकडे जात राहिला.

नेमका त्याच दुपारी हवालदार आला. ईश्वरदास गिरणीत होता. टिन कांड्या भरता भरता उभी राहिली. तिच्या हातातून सुताचा गुंडा सुटला आणि ओसरीभर घरंगळत गेला. हवालदाराने खिशातून कागद काढला.

"ही विदेशी बाई इथंच राहते?"

"राहते," रुख्माबाई म्हणाली.

"तुमची कोण?"

रुख्माबाईचा हात थांबला. इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी तोंडावर विचारला नव्हता. तेवढ्यात चंपतराव पुढे सरला.

"कोणी नाई साहेब. माझ्या भाच्यानं आणली तिकडून. लगनबिगन काई झालं नाई."

टिनला मराठी फारशी येत नव्हती, पण एवढं समजलं. ती भिंतीला टेकली.

"साहेब, त्याले काय विचारता?" रुख्माबाई मागावरून उठली. "घर माझं हाये. लिहा. सून हाये माझी."

"लग्न तुम्ही पाहिलं होतं?"

"लगन नाई पाहिलं. पण तिले रोज पाहून राहिली मी. माझ्या हातचा सावजी रस्सा खाते, डोळ्यातून पाणी गळते, पण ताट सरकवत नाई. चोरून आणलेली बाई असं राहते का साहेब? लिहा."

हवालदार लिहू लागला. चंपतरावचा चेहरा लाल झाला. "अन् आमची शामला आठ वर्षं थांबली, तिचं काय?"

"शामला तिच्या घरी सुखानं नांदून राहिली. तुले राग माझ्या पोराचा हाये ना गा? मले बी हाये. संध्याकाळी येते तो गिरणीतून, दोघं मिळून बोलू त्याले. या पोरीवर काहून काढतं?"

चंपतरावने तोंडातलं पान थुंकलं आणि हवालदाराला म्हणाला, "बहीण म्हणते ते खरं समजा." संध्याकाळी भाच्याला त्याने खरोखरच तासभर फैलावर घेतलं. ईश्वरदासने मान खाली घालून सगळं ऐकलं, मामाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि दोघं एका ताटात जेवले.

पण ते नंतर. हवालदार गेला तेव्हा रुख्माबाई टिनकडे वळली. भिंतीकडे नाही, तिच्याकडे.

"भात उतरवला का वं? करपला असंन, पाहा."

टिन आत धावली. भात खरंच करपला होता. ती चुलीपुढे बसून आधी रडली, मग हसली, आणि रुख्माबाईने आत येऊन पातेलं स्वतः उतरवलं.

हरकत कोणाची आली नाही. ठरल्या दिवशी शेजारचा कृष्णकांत आणि गिरणीतला एक सोबती साक्षीला आले. तिसरा कोण, याची चिंता रुख्माबाईने मिटवली. ठेवणीतलं लुगडं नेसून ती रिक्षात जाऊन बसली होती.

कचेरीत शिपायाने पुकारा केला, "ईश्वरदास धकाते, मा टिन न्वे!"

रुख्माबाई लगबगीने पुढे झाली. "मा मी हावो साहेब. ही सून हाये."

ईश्वरदासने समजावलं की तिकडे बाईच्या नावाआधी 'मा' लावतात, ताई म्हणतात तसं. नोंदणी अधिकारी, एक वयस्क गृहस्थ, हसू दाबत होते. रुख्माबाईच्या अंगठ्याला शाई लावताना त्यांनी सहज विचारलं, "आजी, रंगूनच्या लग्नाला तुम्ही होतात का?"

"नव्हती साहेब. म्हणून तर आज आली."

अधिकाऱ्यांनी दाखल्यावर सही केली आणि तो टिनच्या हातात दिला. सगळं मराठीत, एकही अक्षर तिला वाचता येईना. तरी ती बाहेरच्या कडुनिंबाखाली उभी राहून तो कितीतरी वेळ पाहत होती.

तिथून ते ताराचंदकडे गेले. त्याने दाखला पाहिला, आतून साहेबांची सही आणली, पासपोर्टवर शिक्का मारला. "आता पुढच्या वर्षी या. निवांत या," तो म्हणाला. टिनने त्याला वाकून नमस्कार केला तेव्हा तो अवघडून उठला आणि उगाच फाईली आवरू लागला.

बाहेर आल्यावर टिनला कडकडून भूक लागली. कित्येक आठवड्यांत तिला अशी भूक लागली नव्हती. रस्त्याकडेच्या गाडीवर तिने झणझणीत रस्सा घातलेले तर्री-पोहे मागितले, संपवले, पुन्हा मागितले. बाहेरचं कधी न खाणाऱ्या रुख्माबाईनेही पदराआड प्लेट धरून चार घास खाल्ले आणि "तर्रीत दम नाई," असा निकाल दिला.

पुढे काही वर्षांनी कलेक्टर कचेरीत शपथ घेऊन टिन भारताची नागरिक झाली. तिला दोन मुली झाल्या, ती नागपुरी बोलायला शिकली, आणि म्हातारपणी नागपूरच्याच नंदनवन वस्तीतल्या घरात शेजारणी तिला जुन्या गोष्टी सांगायला लावत. शपथेच्या दिवसाचं तिला फारसं आठवायचं नाही. सुटल्यासारखं वाटलं ते दाखल्याच्या दिवशी, असं ती म्हणायची.

त्या दिवशी घरी येऊन ती चटईवर जरा टेकली आणि तिथेच झोपली. इतकी गाढ, की पाखरं घरट्यात परतली तरी उठेना. शेजारची गोपिका दारात आली. दिवे लागेपर्यंत धकात्यांचा माग बंद असा कधी नसायचा.

"काहून वं रुख्माबाई, तब्येत बरी नाई का?"

रुख्माबाई ओसरीवर नुसती बसली होती. तिने बोट ओठांवर ठेवलं.

"हळू बोल. पोरगी झोपून राहिली."