तीन बोटांचा अर्ज

"सही करा."

"नाही करणार, आक्का."

"मग उद्यापासून घरी बसा. जीआरमध्ये तसंच लिहिलंय आणि जीआर मी वाचलाय."

"मीबी वाचलाय."

"वाचला असता तर सही केली असती."

तहसीलच्या आवारात लिंबाखाली माझं टेबल आहे. टेबलावर अर्ज, अर्जावर माझं पेन आणि पलीकडं सुभेदार, हात पाठीमागं बांधून उभे. पाच वाजून गेले होते. सव्वासहाला आवकची खिडकी बंद होते. तोवर हा कागद आत गेला नाही तर सुभेदारांची नोकरी संपली, इतकं ते सरळ होतं. आवारातली माणसं थांबून ऐकत होती. ऐकणाऱ्यांची मला कधीच अडचण झालेली नाही.

भांडण जरा तिथंच राहू द्या. माणूस कळल्याशिवाय भांडण कळायचं नाही.

मी तीस वर्षं लोकांचे अर्ज लिहिते. शाळेचं तोंड पाहिलं नाही. अक्षरं शिकले ती याच कचेरीच्या नोटीस बोर्डावरून, त्यामुळं आयुष्यात पहिला वाचलेला शब्द म्हणजे 'जाहीर'. आज मला कुठलाही जीआर द्या, त्यातली पळवाट आणि त्यातला हक्क, दोन्ही काढून दाखवते. इतक्या वर्षांत एक पाहिलं. कचेरीत फायली हरवतात, किस्से हरवत नाहीत. साहेब बदलतो, शिपाई बदलतो, किस्सा मात्र चहाच्या टपरीवर ठाण मांडून बसलेला असतो. पण एकाच माणसाचे दोन वर्षांत इतके किस्से जमले, असं एकदाच घडलं. कचेरी धाराशिव जिल्ह्यातली आहे एवढं सांगते. तालुक्याचं नाव लिहिलं तर उद्या मलाच नोटीस यायची.

*

पहिला दिवस.

सकाळी साडेनऊला फाटकापाशी एक उंच माणूस उभा. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल. मैनुद्दीनभाई आमचे जुने शिपाई, त्यांनी कुलूप काढता काढताच सांगून टाकलं की मॅडम दौऱ्यावर आहेत, तक्रार असेल तर आक्काकडून अर्ज लिहून आणा. माणूस 'जी' म्हणाला आणि माझ्यापुढच्या रांगेत जाऊन उभा राहिला. रांगेत चार जण होते. चौघांचं होईपर्यंत तो हलला नाही, घड्याळाकडं बघितलं नाही.

त्याची पाळी आली. मी कागद ओढून विचारलं, कशाबद्दल अर्ज?

"कारकुनाच्या नोकरीवर हजर व्हायचंय."

फाईलमधल्या कागदावर 'सुभेदार, निवृत्त' असं लिहिलेलं होतं. मी चष्मा काढून पुसला. फौजेतून आलेल्या माणसाला कचेरीत घ्यायचा नियम मला पाठ होता. जागा राखीव, वयाला सूट, टायपिंगचा दाखला मात्र दोन वर्षांत आणून द्यायचा. पण नियमाचा माणूस असा चालत येऊन माझ्या रांगेत उभा राहील, हे कुठल्या परिशिष्टात लिहिलं नव्हतं. त्यांचा हजर रिपोर्ट मीच लिहिला. सरकारी नोकराला अर्ज लिहून द्यायची माझी ती पहिली वेळ.

नंतर मैनुद्दीनभाई महिनाभर त्यांच्यापुढून जाताना टोपी सारखी करायचे.

*

सॅल्यूटचा किस्सा तर तालुकाभर झाला.

सुभेदार रोज पावणेदहाला तहसीलदार मॅडमच्या केबिनमध्ये जायचे, टाचा जुळवायचे आणि सॅल्यूट ठोकायचे. पहिल्या दिवशी मॅडम आल्या नव्हत्या. यांनी रिकाम्या खुर्चीला सॅल्यूट केला आणि जागेवर जाऊन बसले. दुसऱ्या दिवशीही तेच. कारकून खिडकीतून बघून हसले. आस्थापनेचे भाऊसाहेब म्हणाले, अहो सुभेदार, खुर्चीला कसला सॅल्यूट करताय?

"खुर्चीलाच असतो," सुभेदार म्हणाले. "माणूस बदली होऊन जातो."

ही गोष्ट मॅडमच्या कानावर गेली. तिसऱ्या दिवशी पावणेदहाला पाच मिनिटं कमी असताना मॅडम खुर्चीत होत्या. केस ओले, डबा हातात. त्या दिवसापासून आजतागायत त्यांची गाडी कधी उशिरा आली नाही. बायोमेट्रिक मशीनला जे जमलं नव्हतं ते एका सॅल्यूटनं केलं.

*

मग त्यांना रेकॉर्ड रूम दिली. रेकॉर्ड रूम म्हणजे कचेरीत शिक्षा समजतात. लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांना कचेरीत रुमाल म्हणतात, धूळ, झुरळं. सुभेदारांनी आठ दिवसांत ते सगळे रुमाल गावागावांच्या रांगेत असे उभे केले की दारात उभं राहिलं तर वाटावं, आता हे कवायत करतील.

एकदा सास्तूरकडची एक म्हातारी आली. भूकंपानंतर मिळालेलं घर नवऱ्याच्या नावावर, नवरा गेलेला, फेरफार सापडत नाही. चार वर्षं तिला 'शोधतोय' एवढंच उत्तर. तिचे सातही अर्ज माझ्या हातचे.

सुभेदारांनी तिला बाकावर बसवलं आणि आत गेले. जेवायची सुट्टी झाली, ते बाहेर आले नाहीत. डबा टेबलावर तसाच. भाऊसाहेब म्हणाले, जेवून घ्या, कागद कुठं पळून जातोय. तेव्हा सुभेदारांनी सांगितलं की फायरिंगनंतर एक पुंगळी जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत पलटणीत कुणी जेवत नाही. पुंगळी म्हणजे उडालेल्या गोळीचं रिकामं नळकांडं. एवढं बोलून परत आत.

आता पुढं काय व्हावं? भाऊसाहेबांनी उघडलेला डबा बंद केला. त्यांचं बघून दुसऱ्यानं केला. मग तिसऱ्यानं. सगळी कचेरी उपाशीपोटी रुमाल सोडायला बसली. तीस वर्षांत असं दृश्य मी पाहिलं नव्हतं, उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले.

चार वाजता फेरफाराचं रजिस्टर सापडलं. भाऊसाहेबांच्याच टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली घातलेलं!

भाऊसाहेबांनी ते स्वतःच्या हातानं काढलं, खिशातल्या हातरुमालानं पुसलं आणि म्हातारीपुढं धरलं. टेबल डुगडुगायला लागलं. ते अजून डुगडुगतं. भाऊसाहेब त्याखाली दुसरं काही घालत नाहीत.

*

आता बोटांची गोष्ट.

सुभेदारांच्या उजव्या हाताची तीन बोटं नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचे, 'बर्फात राहिली.' छत्री कुठंतरी विसरावी तसं.

तो हात घेऊन ते संध्याकाळी बाजारातल्या टायपिंगच्या क्लासला जायचे. भोवती अठरा-अठरा वर्षांच्या पोरी, त्यांच्यात हा पन्नाशीचा माणूस. ते मूळचे उमरग्याकडचे, त्यामुळं मशीनची कळ दाबताना ओठातल्या ओठात कानडीत मोजायचे, ओंदु, एरडु, मूरु. महिन्याभरात सगळ्या पोरी कानडीत मोजायला लागल्या. क्लासच्या सरांनी मला सांगितलं, आक्का, यांच्यासारखं कुणी घासलं नाही, पण मशीन दहा बोटांचं आहे. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सर फी बुडवणाऱ्यांना दाराबाहेर उभं करणाऱ्यांपैकी.

सुभेदार परीक्षेला तीनदा बसले. चूक एकही नाही. वेळ मात्र तिन्ही वेळा पुरली नाही.

आणि दोन वर्षांतला शेवटचा दिवस आला.

*

म्हणून ते भांडण. आदल्या रात्री मी तो सात पानी जीआर पुन्हा काढला आणि सहाव्या पानावर मला हवं ते सापडलं. सेवेत अपंगत्व आलेल्या सैनिकाला टायपिंगच्या अटीतून सूट देता येते, मात्र मुदतीच्या आत, त्यानं स्वतःच्या सहीनं मागितली तर. मिलिटरी हॉस्पिटलच्या दाखल्याची झेरॉक्स त्यांच्या फायलीत होतीच. अर्ज मी लिहिला. असा अर्ज मी जन्मात लिहिला नव्हता. फक्त सही राहिली होती.

"सूट मागणार नाही," सुभेदार म्हणाले.

मी म्हणाले, ही भीक न्हाय, कलम आहे.

"आक्का, बोटं गेली त्या दिवशी माझ्या तुकडीतली दोघं अख्खीच्या अख्खी राहिली तिकडं. त्यांच्यापुढं मी तीन बोटांचा अर्ज करू?"

मग मी नको ते बोलले. म्हणाले, तुम्ही घरी बसलात म्हणून ती दोघं परत येणार हायत का? सुभेदारांनी मान खाली घातली, पण हात पाठीमागचे सोडले नाहीत. मैनुद्दीनभाई आवकच्या खिडकीशी उभे होते. त्यांनी तिथूनच मला घड्याळ दाखवलं. सहा वाजून पाच मिनिटं. खिडकीच्या आत भाऊसाहेब आवकचा शिक्का हातात धरून बसले होते, तो पॅडवर टेकवत नव्हते आणि खालीही ठेवत नव्हते.

माझ्या बाकावर शालनबाई बसल्या होत्या, सुभेदारांच्या मंडळी. दर बाजाराच्या दिवशी त्या भाजीची पिशवी घेऊन तिथं बसायच्या आणि सहानंतर दोघं मोटारसायकलवरून गावाकडं जायची. दोन वर्षांत मी त्यांच्याशी ढीगभर बोलले असेन, त्या माझ्याशी दहा शब्द बोलल्या असतील. डोक्यावरचा पदर कधी ढळलेला पाहिला नाही.

त्या उठल्या. पिशवी बाकावर ठेवली. टेबलापाशी आल्या, नवऱ्याच्या पाठीमागचा उजवा हात धरून पुढं आणला, माझं पेन उचलून त्या दोन बोटांत दिलं आणि सगळ्या कचेरीच्या देखत म्हणाल्या,

"सुट्टीवर आलात की ह्याच हातानं माझी वेणी घालायचा तुम्ही, ती बोटं तुमच्या एकट्याची न्हवती."