बिनदाराची गाडी

बायको जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून अंगणात आमची गाडी अर्धीच उभी होती. एका बाजूचा पत्रा लावायचा राहिलेला, एकुलतं दार यायचं तीच बाजू.

मी जन्मभर ट्रक-बसच्या बॉड्या बांधल्या. चौथीच्या पुढं गेलो न्हाय, पण पत्रा वाकवायला चौथी पुरते. आधी सागवानी सांगाडा असायचा, त्यावर पत्रा खिळ्यांनी मारायचा. पुढं लोखंडी अँगल आले, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आला, रिबिटं आली. म्हातारपणी जुन्या मिनीबसची चेसी घेतली आणि दोघांसाठी फिरतं घर बांधायला काढलं. आत पलंग, ओटा, गॅसची शेगडी. बायकोची अट एकच, ओट्यासमोर खिडकी पाहिजे आणि खिडकीला गज. म्हणाली, "डोंगरात माकडं असत्यात. भाकरी न्हेतील."

रिबिट मारायला दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून हातोडा हाणायचा, दुसऱ्यानं आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा. आत ती असायची. वाकडं मारलं की आतनं शिव्या. एकट्यानं मारायची नवी रिबिटं मिळतात, पण ती मला पटत न्हाईत. चार खड्डे खाल्ले की खुळखुळतात.

पोरगा म्हणाला, "आबा, उद्या रविवारी भंगारवाल्याला बोलवतो. नुसती गंजत पडलीया."

"अ‍ॅल्युमिनियम गंजत न्हाय, गाढवा," म्हटलं.

तो बाहेर गेला आणि सुनेनं पदर खोचला. "मामा, मी आत जातो. ठोकळा धरतो. तुम्ही हाणा."

"तुला जमणार न्हाय."

"तुमच्या पोराबर संसार जमवला की! ह्यात काय अवघड हाय?"

लागलो ठोकायला. आमच्या धंद्यात अख्खा पत्रा आधी ठोकायचा आणि दार मागनं कापून काढायचं. हाताला सवय, थांबलोच न्हाय. शेवटचं रिबिट बसलं तेव्हा ध्यानात आलं, सून आत आणि दार पत्र्याखाली. कापायला ग्राइंडर उचलला तर लाईट गेली.

"मामा, मी कुठनं बाहेर येऊ?"

"लाईट आली की."

"आणि न्हाय आली तर?"

"मग हितंच नांदायचं."

"व्हय? मग दूध, साखर, चहापूड द्या खिडकीतनं."

ती शेगडी त्या दिवशी पहिल्यांदा पेटली. थोड्या वेळानं गजांमधनं कप बाहेर आला. तो कप धरणारा हात दुसरा असायला पाहिजे होता. मी तोंड फिरवून प्यालो.

"कसा झालाय?"

"साखर कमी हाय."

"पोतं वतलं असतं तरी हेच म्हणला असता."

तेवढ्यात पोराचा फोन. भंगारवाला सकाळी किती वाजता येऊ विचारतोय. फोन खिडकीशी धरला.

"अहो, नगं म्हणून सांगा त्याला," सून आतनं ओरडली. "गाडीत तुमची बायको राहायला आलीया!"