भिंतीकडे तोंड करून

"पत्ते पुठ्ठ्याचे, पाहुणे कंटाळलेले, आणि कॅसिनो म्हणजे पडदे लावलेलं गोदाम. दोन तास फुकट गेले."

माझ्या लेकीच्या सिनेमाखाली लोकांनी लिहिलेलं मी भावजींना वाचून दाखवत होते. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. सकाळचा चहा आणि लोकांच्या शिव्या, असा आमचा आठवडाभराचा कार्यक्रम झाला होता. लेकीनं सात मैत्रिणींना हाताशी धरून, उसनवारीच्या कॅमेऱ्यावर कॅसिनो लुटायचा सिनेमा काढला होता आणि फुकट बघायला टाकून दिला होता. लोक तरी काय कमी! एकानं लिहिलं होतं, "जुगाराचं चाक सायकलचं आहे, आरे मोजून घ्या." दुसरा म्हणे, "पहारेकरी तिन्ही वेळा एकच माणूस, फक्त मिशी बदलते." तिसरा म्हणे, "नायक बंदूक धरतो की गळकी बादली?" मी हसून हसून बेजार. भावजी नुसते गालात हसायचे.

पण एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. त्रेपन्नाव्या मिनिटाला तिजोरी उघडणारे हात. "या सिनेमात फक्त हातांना अभिनय येतो," असं एकीनं लिहिलं होतं. ते हात भावजींचे.

बाजारात त्यांना कानवाले म्हणतात. तिजोऱ्या दुरुस्त करणं हे त्यांचं काम. चकतीच्या कुलपाला कान लावला की आतली प्रत्येक टिकटिक त्यांना मोजता येते. रोज सकाळी नखं कापणार, कामाआधी कोमट पाण्यानं हात धुणार, आणि तिजोरीचं दार बोटभर उघडलं की बाजूला होणार. आत काय आहे ते जन्मात कधी बघितलं नाही. लग्न केलं नाही, व्यसन नाही, बोलणं तर मोजून मापून. मी तोंडाची फटकळ, ते असे. पण माझे यजमान गेल्यावर या घरात मला धीर होता तो त्यांचाच.

त्या मंगळवारी मी पुढची ओळ वाचली. "थांबवून थांबवून बघितलं. एकतीस, आठ, चौसष्ट. या बाबानं खरोखरचा नंबर फिरवलाय!" मी म्हटलं, "बघा, लोकांचं लक्ष कुठे कुठे असतं." आणि त्याखालचं वाचलं. कुणी 'खिडकीजवळचा' नावाच्या माणसानं लिहिलं होतं, "आमच्या दुकानातल्या तिजोरीला सहज लावून बघितला. उघडली! आता बोला!"

भावजींनी कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला, तो त्यांनी पुसलासुद्धा नाही. "परत वाचा," ते म्हणाले. मी परत वाचलं. त्यांचा चेहरा उतरला.

मग त्यांनी सांगितलं. कुलूप दुरुस्त झालं की ते आपल्या कामाच्या नंबरावर लावायचं, ही त्यांच्या उस्तादांची पद्धत. एकतीस, आठ, चौसष्ट. तो नंबर चिठ्ठीवर लिहून मालकाला द्यायचा, हातात नंबर बदलायची छोटी किल्ली द्यायची, आणि सांगायचं, आता तुमचा नंबर टाका. मालक नंबर टाकत असताना आपण भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. आणि टिकटिक कानावर पडू नये म्हणून वर गुणगुणायचं. ना सूर ना ताल, नुसतं हुं हुं हुं. मालक "झालं" म्हणाला की वळायचं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय वहिनी. मी बघितलंच नाही कधी. ऐकलंही नाही. त्यांनी खरंच बदलला की नुसती चकती खडखडवली, मला काय ठाऊक?"

"आणि सिनेमात तोच कशाला फिरवलात? दुसरा आकडा नव्हता?"

"ती म्हणाली, काका, कट न करता दार उघडताना पाहिजे. तिजोरी माझ्या दुकानातली, कामाच्याच नंबरावरची. खोटं फिरवलं तर दार कसं उघडणार?"

घ्या! पुठ्ठ्याच्या अख्ख्या सिनेमात एक गोष्ट खरी होती, तीच आमच्या मुळावर आली.

लेकीला फोन लावला. ती आधी रडली, मग पाच मिनिटांत सिनेमा काढून टाकला. पण हातांचा तेवढा तुकडा कापून लोकांनी एकमेकांना कधीच पाठवला होता. भावजींनी कपाटातून एक मळकी वही काढली. या गावातली ज्यांची ज्यांची चकतीची तिजोरी त्यांनी हाताळली होती, ती सगळी गिऱ्हाइकं त्यात होती. एकेकाला फोन केला. सगळे एका सुरात म्हणाले, "हो हो, बदललाय की!" भावजींनी फोन ठेवला. "यातला एक तरी खोटं बोलतोय," ते म्हणाले. "एखाद्याची तिजोरी फुटली तर पहिलं बोट माझ्याकडे. आणि ते बरोबरच असेल."

मी चपला घातल्या. "तुम्ही भिंतीकडे बघा," मी म्हटलं, "मी त्यांच्याकडे बघते."

पहिला दवाखाना. आत शिरलो तर काउंटरवरची पोरगी मोबाइल बघत बसलेली, आणि मोबाइलवर कोण? भावजींचे हात! ती मान वर न करता म्हणाली, "डॉक्टर आत आहेत, बसा." तिच्या खुर्चीपासून मागच्या खोलीतली तिजोरी चार पावलांवर.  डॉक्टर आमच्याबरोबर मागच्या खोलीत आले, कपाळाला आठ्या घालून. "अहो, बदललाय म्हटलं ना फोनवर." मी म्हटलं, "मग उघडून दाखवा." ते चकतीसमोर उभे राहिले, आणि कोटाच्या खिशातून त्यांनी काय काढावं? भावजींनी दिलेली ती चिठ्ठी! घडीवर विरलेली. "नवा कुठे लक्षात ठेवायचा," ते म्हणाले. एवढा शिकलेला माणूस! मी त्यांना असं काही सुनावलं की बाहेर बसलेले पेशंट खोकायचे थांबले.

भावजी भिंतीकडे वळले. हुं हुं हुं सुरू झालं. मी डोळ्यांत तेल घालून डॉक्टरांच्या बोटांकडे बघत होते. आकडे नव्हते बघत, बोटं खरंच फिरतात का तेवढंच. किल्ली आत, नवा नंबर, किल्ली बाहेर. दोनदा उघडून बघायला लावलं. मग पुढचं दार.

छापखाना, लाकडाची वखार, शाळेचं ऑफिस, गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान, फोटोवाला. दुपार डोक्यावरून गेली, पोटात अन्नाचा कण नाही. पाचांपैकी तिघांचा नंबर तोच. सकाळी हेच तिघे छातीठोकपणे बदललाय म्हणाले होते! प्रत्येक ठिकाणी मी एकदा चिडायचे, भावजी एकदा हात जोडायचे. रिक्षात बसलं की ते विचारायचे, "खिडकीजवळचा कोण असेल?" दर वेळी मी म्हणायचे, "पुढचाच असेल." मग ते वही उघडून पुढच्या नावावर बोट ठेवायचे. 

सातवे सराफ. त्यांनी नंबर बदललेला होता. तिजोरी दुरुस्त झाली त्याच दिवशी बदलला होता, शहाणा माणूस. आम्ही सुटलो असं मला वाटलं. पण त्यांनी सगळी हकीकत ऐकून घेतली, आणि दुकानात चार गिऱ्हाइकं असताना मोठ्यानं विचारलं, "म्हणजे ज्यांनी बदलला नाही, त्यांच्या तिजोरीचा नंबर इतकी वर्षं तुमच्या खिशात होता?"

भावजींनी वही मिटली.

"तुम्हाला कळलंच नाही, यावर आम्ही विश्वास ठेवायचा? लोक म्हणतात तुम्हाला भिंतीपलीकडची टिकटिक ऐकू येते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "इतक्या वर्षांत कुणाची सुई तरी गेली का हो?" सराफ माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. म्हणाले, "यापुढे माझं काम दुसऱ्याकडे. आणि मी बाजारात सगळ्यांना सांगणार. सांगायलाच पाहिजे." भावजींनी मान हलवली, जणू त्यांना ते पटलंच. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "उद्यापासून दुकान उघडत नाही, वहिनी." मी रिक्षा थांबवली आणि आठवा पत्ता सांगितला. 

आठवे चष्मेवाले. रस्त्याकडेच्या मोठ्या खिडकीशी त्यांचं टेबल. आम्हाला बघताच उठून उभे राहिले, चेहरा फुललेला. "या या कानवाले! तुमचे हात मी लगेच ओळखले. वाचलंत का मी काय लिहिलं ते? उघडली म्हणून? तीनशे जणांना आवडलं!"

मी म्हटलं, "अहो, सकाळी फोनवर बदललाय म्हणालात, आणि स्वतःच्याच तिजोरीचा नंबर जगाला सांगितलात?"

"पण मी माझं नाव कुठे लिहिलं?" ते म्हणाले. आणि मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलत गेला. या माणसाकडून मी चष्म्याचा नंबर काढून घेते! तिजोरी उघडली, सगळं जागच्या जागी होतं. भावजी भिंतीकडे वळले आणि गुणगुणू लागले. मला तो आवाज इतका केविलवाणा कधी वाटला नव्हता.

घरी आलो तेव्हा उन्हं अजून अंगणात होती. भावजींनी हात धुतले, वही उघडली, आठ नावांपुढे खुणा केल्या. मग बोट शेवटच्या ओळीवर नेलं.

"वहिनी, एक राहिली."

नववी ओळ मला दुरूनच दिसली. तिथे नुसतं 'दादा' लिहिलं होतं. माझ्या यजमानांची तिजोरी, माझ्याच खोलीतली. ते गेले तेव्हा नंबर कुणालाच ठाऊक नव्हता. भावजींनी कान लावून ती उघडली, कामाच्या नंबरावर लावली, आणि मला किल्ली देऊन भिंतीकडे वळले होते.

"माझा बदललेला आहे," मी म्हटलं. बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. सकाळी फोनवर सगळ्यांचा होता तोच सूर.

त्यांनी वाद घातला नाही. छोटी किल्ली माझ्यापुढे ठेवली, खोलीत जाऊन कॅलेंडरशेजारी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हुं हुं हुं.

मी चकती फिरवली. एकतीस. आठ. चौसष्ट. दार उघडलं. आत यजमानांचं घड्याळ, चष्मा, घराचे कागद, माझ्या बांगड्या. आता नुसती खडखड केली असती तरी चाललं असतं. मागच्या वेळी तेच केलं होतं. दिवसभर आठ दारांत मी लोकांना झोडपत हिंडले, आणि घरी हे!

"भावजी, मी बदलला नव्हता."

गुणगुणणं चालूच. त्यांना ऐकू आलं नाही. मी ओरडून म्हटलं, "मी बदलला नव्हता! मुद्दाम नाही बदलला!"

आवाज थांबला. ते वळले नाहीत.

"ते गेले आणि या घरात असं काही राहिलं नाही जे माझ्याशिवाय आणखी कुणाला ठाऊक असेल," मी म्हटलं. "हे एक तरी असावं, म्हणून नाही बदलला. तो तुम्हालाही ठाऊक आहे, एवढ्यावर मला झोप लागायची."

 मग भिंतीकडे बघतच म्हणाले, "आठ जणांना ओरडलात, वहिनी."

"ओरडले. आता नववीला तुम्ही ओरडा."

"टाका नंबर," ते म्हणाले. "तो आता जगाला ठाऊक झालाय."

मी किल्ली आत घातली. त्यांनी गुणगुणायला श्वास घेतला तसं मी म्हटलं, "भावजी, गुणगुणू नका."

ते गप्प राहिले. तोंड भिंतीकडेच होतं. मी चकती सावकाश फिरवली, अगदी सावकाश, एकेक टिकटिक खोलीभर ऐकू जाईल अशी. पहिला आकडा, दुसरा, तिसरा. मग किल्ली काढून घेतली.

"झालं," मी म्हटलं.

"हो," ते म्हणाले. "झालं."