पाकिटावर हृदयाचं चित्र होतं

"हार्ट फेल्युअर," डॉक्टर म्हणाले, आणि मी त्यांच्यावर भडकलेच. म्हटलं, फेल कसं? माणूस समोर खुर्चीत बसलाय, लिफ्ट बंद होती म्हणून दोन जिने चढून आलाय!

ते शांतपणे हिंदीत सांगत राहिले. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे. हृदयाचा पंप कमजोर होतो, रक्त पुरेसं पुढे ढकलत नाही, मग पाणी अंगात साठतं. आधी पायांत, मग फुप्फुसांत. यांच्या पायांवर संध्याकाळी चपलेच्या पट्ट्यांचे वळ उठायचे, झोपायला तीन उशा लागायच्या. आम्ही दोघांनी ते वयावर ढकललं होतं.

हे म्हणजे माझे यजमान. रेल्वेत पुलांचे इंजिनियर होते. मूळचे आम्ही साताऱ्याचे, पण नोकरीच्या निमित्ताने लखनऊला आलो आणि निवृत्तीनंतर इथल्याच महानगर नावाच्या वस्तीत राहिलो. मी इथल्या शाळेत गणित शिकवायचे. आमची मुलगी मुग्धा इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. डाययुरेटिक, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारी गोळी, चुकवायची नाही. रोज सकाळी वजन करायचं. आणि मीठ, दिवसभरात सगळं मिळून छोट्या चमच्याहूनही कमी.

मीठ माझ्या हातात होतं. मी दुसऱ्याच दिवशी लोणची, पापड, चटण्या मोलकरणीला देऊन टाकल्या आणि स्वयंपाक अळणी केला. पण अळणी आमटी घशाखाली उतरेना हो यांच्या! दोन घास खायचे आणि ताट सरकवायचे. माणूस डोळ्यांदेखत वाळत चालला.

एक दिवस निशातगंजच्या दुकानात मला सूपची पाकिटं दिसली. मसाला ओट्सचीही. पुढे लालभडक हृदयाचं चित्र, वर 'लो फॅट'. आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका.

त्या ठिपक्याचं सांगायलाच हवं. गल्लोगल्ली कबाब भाजणाऱ्या या शहरात राहून आमच्या घरात कधी अंडंही आलं नाही. पाकीट हातात घेतलं की आधी हिरवा ठिपका शोधायचा, हे मी मुग्धाला बाराखडीआधी शिकवलं. ठिपका दिसला की जीव भांड्यात पडायचा. पाकीट उलटून बघायची सवय आम्हाला लागलीच नाही. सोवळं सांभाळलं, की झालं!

हे ते सूप आवडीनं प्यायले. सकाळी ओट्स, दुपारी सूप, संध्याकाळी पुन्हा सूप. "आज काहीतरी खाल्ल्यासारखं वाटतंय," म्हणाले. मला आभाळ ठेंगणं झालं.

यांचं वजन मी रोज करत होतेच. ते वाढायला लागलं आणि मी हरखले. खाल्लेलं अंगी लागतंय, दुसरं काय! वहीत आकडा लिहून त्याखाली हसरा चेहरा काढायचे, शाळेत मुलांच्या वहीत काढायचे तसा. एका दुपारी सूपचा वाडगा हातात असतानाच यांना धाप लागली. ओठ निळसर दिसायला लागले. मुग्धानं गाडी काढली.

पल्मनरी एडीमा, म्हणजे फुप्फुसांत पाणी. ते वाढलेलं वजन पाण्याचं होतं.

आयसीयूबाहेरच्या खुर्च्यांवर दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ आली, मुग्धाच्याच वयाची. "आंटी जी, खाने में नमक?" मी तोऱ्यात सांगितलं, बिलकुल नहीं. "पैकेट वाला कुछ?" मी म्हटलं, सिर्फ सूप और ओट्स, हार्ट वाला. ती म्हणाली, "मँगवा दीजिए."

मुग्धानं पाकीट आणलं. त्या मुलीनं ते उलटं केलं आणि मागच्या मुंगीएवढ्या अक्षरांवर बोट ठेवलं. सोडियम. मिठातला नेमका तोच घटक पाणी धरून ठेवतो. आकडा एका सर्व्हिंगचा, म्हणजे एका वाढपाचा होता, आणि एका पाकिटात तीन सर्व्हिंग धरलेली. हे एका वेळी पाकीट संपवायचे. मी जन्मभर मुलांना तिनाचा पाढा शिकवला, आणि घरी हा गुणाकार मी केला नाही.

"मम्मी, आपने पलट के देखा नहीं?" मुग्धा एवढंच म्हणाली आणि लगेच माझा हात धरून रडायला लागली.

मी यांच्यापाशी गेले, सगळं सांगितलं. मास्क बाजूला करून हे म्हणाले, "अगं, पुलाच्या प्रत्येक सळईवरचा शिक्का वाचल्याशिवाय सही न करणारा माणूस मी. मीही वाचलं नाही. तू एकटीच काय रडतेस?" जाईपर्यंत त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं अजूनही वाटतं.

आहारतज्ज्ञ म्हणाली, काही देशांत मीठ जास्त असेल तर पाकिटाच्या समोरच काळा शिक्का मारतात. आपल्याकडेही समोर काय छापायचं यावर चर्चा चालू आहे, पदार्थ किती चांगला ते दाखवणारे तारे द्यायचे की इशारा. तारे? मी काय हॉटेल शोधायला निघाले होते? समोर हिंदीत, इंग्रजीत ठळक लिहा ना, 'यात मीठ जास्त आहे.' चित्र काढायला जागा सापडते, मग एवढ्या चार शब्दांना का नाही?

मी डॉक्टरांना सरळ विचारलं, माझ्यामुळे झालं का? "सिर्फ उससे नहीं," ते म्हणाले. दिल पहले से कमज़ोर था, म्हणाले. त्यातला 'सिर्फ' मी अजून मनातून काढू शकलेले नाही.

तुमच्या घरी असा पेशंट असेल, तर पाकीट उलटं करा. सोडियम शोधा, ते एका सर्व्हिंगचं आहे की अख्ख्या पाकिटाचं ते बघा, गुणाकार करा. चष्मा विसरला असाल तर दुकानदाराला वाचायला लावा, लाजू नका. आणि वजन दोन-तीन दिवसांत भराभर वाढलं तर माझ्यासारखं हरखू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

शेवटचं सांगते. ते लपवलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही.

त्यानंतर मी फार कडक झाले. पाकिटं बंद. मीठ मोजून, तेही फक्त माझ्या हातानं. तरी हृदय थकतच गेलं. तिसऱ्यांदा ॲडमिट केलं तेव्हा आठवड्यानं डॉक्टर म्हणाले, "अब घर ले जाइए. जो मन करे, खिलाइए."

मुग्धाला अर्थ कळला. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला वाटलं, या डॉक्टरांना काय जातंय सांगायला! एकदा पोळलेय मी, आता कुणाचं ऐकायची नाही.

घरी आल्यावर दुपारी वरणभात भरवत होते. हे म्हणाले, "आज चिमूटभर मीठ घाल ना गं."

"अजिबात नाही," मी म्हटलं.

"बरं." त्यांनी चार घास खाल्ले. मला वाईट वाटलेलं दिसलं असावं, म्हणून वर म्हणाले, "छान झालंय वरण."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

त्या दुपारी भरवून झाल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवली होती, त्यांचा हात पोचू नये म्हणून. आणि त्यांना तर कूसही स्वतःहून बदलता येत नव्हती.