दुसऱ्यानं तपासायची गाठ

उजवा हात कोपरात उभा, तर्जनी आभाळाकडे आणि तिचे सावकाश गोल फेरे. क्रेनच्या भाषेत याचा अर्थ ‘उचल’. काकांच्या भाषेत याचा अर्थ चहा आण, मुद्द्यावर ये, पाहुणे उठवा आता, काहीही.

पोलाद कारखान्यात काका खलाशी होते. म्हणजे लोखंडाला दोर बांधायचा, तो हुकात अडकवायचा आणि वर बसलेल्या क्रेनवाल्याला बोटानं सांगायचं. निवृत्तीनंतर कोहका नावाच्या आमच्या मोहल्ल्यात राहायला आले आणि दर महिन्याला माझ्या लॅबमध्ये रक्त द्यायला येऊ लागले. रक्त काढणं, यंत्र चालवणं आणि लोकांच्या शिव्या खाणं ही तिन्ही खाती माझ्याकडेच होती.

एकदा गर्दी नव्हती, तेव्हा त्यांना को-एन्झाइम समजावून सांगण्याची घोडचूक मी केली. म्हटलं, काका, शरीरात एन्झाइम नावाचे कामगार असतात. अन्न तोडायचं, जोडायचं, त्यातून ताकद काढायची, हे त्यांचं काम. पण कितीतरी एन्झाइमांना एक छोटा जोडीदार लागतो. तो नसला की एन्झाइम नुसतं बसून राहतं. तो जोडीदार म्हणजे को-एन्झाइम, आणि बी गटातली जीवनसत्त्वं त्यासाठीच तर लागतात.

काका खुर्चीतून अर्धे उठले. “म्हणजे खलाशी! काहून नाही सांगितलं बे पहिले? हूक लावणाराच नसन तं क्रेन म्हणजे वरतं टांगलेला पंखा!”

झालं. त्या दिवसापासून मोहल्ल्याची शांती गेली. लग्नाच्या पंगतीत पांढराशुभ्र भात वाढणाऱ्याचा हात धरून ते म्हणत, “याचा खलाशी कोंड्यासंगं गिरणीतच उतरला ना बाप्पा.” बारशाला गेले तर बाळंतिणीच्या ताटात काय आहे ते आधी पाहत, बाळ नंतर. इंजिनिअर जावयाबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं : “जावई एन्झाइम आहे. पण खलाशी आमची पोरगी आहे, म्हणून घर चालून राहिलं.”

त्यांचा एकमेव नियमित श्रोता म्हणजे त्यांचा जुना क्रेनवाला. तो छत्तीसगढी माणूस, मागच्याच गल्लीत राहायचा. सारी नोकरी एक वर, एक खाली. शेडमधल्या आवाजात बोलणं अशक्य, म्हणून दोघांची दोस्ती बोटांवरच झालेली. आता रोज संध्याकाळी नाल्यावरच्या एकाच पुलियावर बसत. काका व्याख्यान देत आणि तो सगळं ऐकून एकच वाक्य बोले, “सही कहत हस,” म्हणजे बरोबर बोलतोस.

एके सकाळी काका लॅबमध्ये आले ते एकाच पायात चप्पल घालून. बाकड्यावरची सगळी माणसं हसली. मीही हसलो. “काका, दुसरी क्रेननं नेली का?”

त्यांनी खाली पाहिलं आणि आमच्याइतकेच चकित झाले. दुसरी चप्पल पार भाजीवाल्यापाशी पडली होती. तिथून खडीवरून अनवाणी चालत आले आणि त्यांना पत्ताच नव्हता. म्हणाले, “शुगर आहे बाबू, पाय झोपून जाते.” मीही मान हलवली. शुगर तपासली, हिमोग्लोबिन तपासलं आणि सांगितलं, “रक्त एकदम पोलादी!”

पुढच्या महिन्यात पुन्हा एकच चप्पल. या वेळी मला हसू आलं नाही. खाता काय, ते विचारलं. निवृत्तीनंतर माळ घातली, मटण-अंडी बंद. दुधानं गॅस होतो, म्हणून चहासुद्धा कोरा. शुगरची गोळी वर्षानुवर्षं चालू. शिवाय दुकानातून आपल्या मनानं आणलेलं फॉलिक ॲसिडचं लाल टॉनिक, “तोही खलाशीच ना!”

नसांचा खलाशी म्हणजे बी-बारा जीवनसत्त्व, हे तेव्हा कुठे मला आठवलं. बी-बारा मिळतं ते मटण-अंडी-दुधातून, ते सगळं बंद. वर ती गोळी उरलंसुरलंही अंगी लागू देत नव्हती. आणि ते टॉनिक रक्त टिकवून धरत होतं, म्हणून हिमोग्लोबिन चुगली करत नव्हतं. नसा मात्र आतल्या आत मरत होत्या. दर महिन्याला मी त्या टॉनिकलाच शाबासकी देत होतो.

डॉक्टरांना सांगून नमुना रायपूरला पाठवला. बी-बाराचा आकडा इतका खाली आला की मी तो दोनदा वाचला. काकांना म्हणालो, “तुम्हाला शिकवलं मी, आणि मलाच दिसलं नाही. पण तुम्ही तरी? गावभराचे खलाशी मोजता, आपला नाही मोजला?”

“आपली गाठ आपण चेक नाही करत बाबू,” काका म्हणाले. “बांधणारा येगळा, बोट घालून पाहणारा येगळा. कायदा आहे तो. आता माही गाठ पाहाले तूच होता ना.”

आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली, टोचायचं काम माझं. प्रत्येक वेळी काका आधी बोट फिरवत, मगच मी सुई उचलायची. काही महिन्यांनी ते दारातच चपला काढून खडीवर उभे राहिले आणि ओरडले, “टोचते बे! डाव्या पायाले टोचून राहिलं!” उजव्या पायाची जाणीव मात्र परत आली नाही. उशीर झाला होता, आणि तो मी केला होता. काका काठी घेऊन फिरू लागले. संध्याकाळी पुलियावर क्रेनवाला त्यांचा उजवा पाय मांडीवर घेई, उलटापालटा करून काही रुतलंय का ते पाही आणि जाहीर करी, “कांटा नइ हे.”

मागच्या हिवाळ्यात काका गेले, हृदयविकारानं. पायांचा त्यात काही दोष नव्हता.

अंगणात तिरडी तयार होती. दोर मुलानं बांधले होते. लोक खांदा द्यायला वाकले, तेवढ्यात मी म्हणालो, “थांबा.” लोकांना वाटलं, मला भोवळ आली. मी खाली बसलो आणि प्रत्येक गाठीखाली बोट घालून पाहिलं. पायाकडची सैल होती. मुलाला ती पुन्हा बांधायला लावली, पुन्हा बोट घातलं आणि बाजूला झालो.

तरी कुणी उचलेना. ‘उचला’ म्हणायचं कुणी, तेच ठरेना. तेव्हा डोक्याकडे उभ्या असलेल्या क्रेनवाल्यानं उजवा हात कोपरात उभा केला, जन्मात पहिल्यांदाच. त्याच्या बोटाचे फेरे बरोबर पडत होते, सावकाश, गोल.

आम्ही उचललं.